नव्या नेटबुकच्या डिस्कची झडती

"मावशी, त्यात काय आहे? पेनड्राइव्ह लाव, 'इन्स्टॉल अलाँगसाइड' दाब आणि पुढे-पुढे करत जा," असं भाचा फोनवर म्हणाला. नव्या नेटबुकवर, म्हणजे लहानशा लॅपटॉपवर, विंडोजच्या जोडीला उबुंटू ही लिनक्सची सिस्टिम टाकायची होती. दोन वर्षांपूर्वी जुन्या डेस्कटॉपवर मी अशीच पुढे-पुढे करत गेले होते. यादीत साधारण सारख्या आकाराची दोन पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे आखलेले भाग, होती, मी नीट वाचलं नाही, अंदाजाने एकावर बोट ठेवलं आणि तीन वर्षांची भाषांतरं घालवून बसले. चूक माझीच होती. त्यामुळे या खेपेला नेटबुक खोक्यातून काढलं आणि ठरवलं, आधी डिस्क बघायची, मग बाकीचं. हे परीक्षण म्हणून थोडं तिरपं आहे. यंत्राबद्दल चार ओळी आणि त्याच्या डिस्कबद्दल चार पानं.

आधी यंत्र. १०.१ इंची पडदा, रेझोल्यूशन १०२४ बाय ६००, इंटेलचा अ‍ॅटम एन४५५ प्रोसेसर, १ जीबी रॅम, २५० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७ स्टार्टर. कीबोर्ड लहान असूनही बोटं अडखळत नाहीत. फक्त उजवीकडची शिफ्ट चिमुकली आहे आणि ती दाबायला जाते तेव्हा वरचा बाण लागतो. बॅटरी दिवसभराच्या प्रवासाला पुरते. पडदा चकचकीत आहे, दिव्याखाली बसलं की मजकुराऐवजी माझा चेहरा दिसतो. स्टार्टर आवृत्तीत वॉलपेपरसुद्धा बदलता येत नाही. मला वॉलपेपरची हौस नाही, पण स्वतःच्या यंत्रावर 'हे तुम्हाला करता येणार नाही' असं कुणी सांगितलं की राग येतोच. एका ग्राहकाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज ठेवणं भाग. बाकी सगळं काम मी उबुंटूवर करते. म्हणजे एकाच डिस्कवर दोघांचा संसार मांडायचा.

खोक्यावर २५० जीबी. 'कॉम्प्युटर' उघडलं तर 'सी' १०० जीबी आणि 'डी' जवळपास ११८ जीबी. बेरीज २१८. मग ३२ जीबी कुठे गेले? यातले सतराएक जीबी कुठेच गेलेले नाहीत. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं. माझ्या डिस्कवर ४८,८३,९७,१६८ सेक्टर आहेत, दर सेक्टर ५१२ बाइटांचा. गुणाकार केला तर २५,००५ कोटींच्या वर बाइट होतात, म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा. तेच विंडोजच्या मापाने २३२.९ जीबी भरतात. दुकानदाराचं माप वेगळं आणि घरातलं वेगळं, एवढंच. तरीही पंधरा जीबी उरतात, आणि ते मात्र खरोखरच लपवलेले आहेत.

ते बघायला 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज', मग 'डिस्क मॅनेजमेंट'. तिथे एका ओळीत चार चौकोन दिसले: सी, डी, अक्षर नसलेलं १५ जीबीचं रिकव्हरी पार्टिशन आणि शेवटी १६ एमबीचा एक तुकडा. हे चित्र प्रमाणात नसतं. १६ एमबीचा तुकडा 'सी'च्या सहा हजारांव्या हिश्शाएवढाही नाही, पण चित्रात चांगला ठळक दिसतो. त्यामुळे हे चित्र बघून कुणी जागेचा अंदाज बांधू नये, आकडे वाचावेत.

इथे मी पहिली घाई केली. 'डी' रिकामीच होती, म्हणून त्यावर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम'ने ४० जीबी मोकळे केले. ते काही सेकंदांत झालं. मग, आता विंडोजमधूनच एक पार्टिशन करून ठेवू या म्हणून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' दाबलं, आकार दिला, फॉरमॅट निवडला आणि शेवटी एक लांबलचक इशारा आला. तुम्ही निवडलेल्या कामामुळे ही बेसिक डिस्क डायनॅमिक होईल (डिस्क मांडायच्या या विंडोजच्या दोन पद्धती), आणि तसं झाल्यावर सध्याचं बूट व्हॉल्यूम सोडून डिस्कवरच्या दुसऱ्या कोणत्याही व्हॉल्यूमवरून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करता येणार नाही. खाली 'येस' आणि 'नो'.

हा इशारा मी तीनदा वाचला. घाईतला माणूस इथे 'येस' म्हणतो, कारण आधीच्या चार खिडक्यांवर 'नेक्स्ट'च म्हटलेलं असतं. पण दुसरी सिस्टिम टाकायला निघालेल्या माणसाला हे 'येस' चांगलंच महागात पडतं: डायनॅमिकवरून परत बेसिककडे यायचा विंडोजचा स्वतःचा रस्ता डिस्कवरची सगळी व्हॉल्यूम पुसून जातो. मी 'नो' म्हटलं आणि यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर उबुंटू १०.१० घेऊन बसले. नेटबुकला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, त्यामुळे पेनड्राइव्हला पर्याय नाही. या आवृत्तीला १ जीबीचा पुरला. पण पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच आधी चालणाऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये, शिरावं लागतं, आणि कारखान्यातून येताना 'फास्ट बूट' चालू असल्याने एफ२ दाबायला जेमतेम पापणी लवण्याइतका वेळ मिळतो. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. आत गेल्यावर आधी ते फास्ट बूट बंद केलं. सुरू व्हायला चार-दोन सेकंद जास्त लागतात, लागू देत.

लाइव्ह उबुंटू, म्हणजे डिस्कवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं, सुरू झाल्यावर सहज म्हणून डिस्क युटिलिटीत डिस्कची प्रकृती बघितली. चालू राहिल्याचे तास ९, खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य. नवं म्हणून दिलेलं यंत्र खरोखर नवं आहे की कुणी परत केलेलं, हे इथे कळतं. नव्या यंत्रावर मी हे नेहमी बघते.

मग इन्स्टॉलर नुसता उघडून पार्टिशनच्या पानापर्यंत गेले. काल मोकळे केलेले ४० जीबी यादीत होते, पण त्यांच्यापुढे 'फ्री स्पेस' ऐवजी 'अनयुजेबल' लिहिलेलं! जागा डोळ्यांसमोर आहे आणि वापरता येत नाही. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "डिस्क खराब असेल, बदलून घे." डिस्क अगदी धडधाकट होती. अडचण वेगळीच होती, आणि ती डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत होती.

त्या पहिल्या सेक्टरला एमबीआर म्हणतात. त्यातले पहिले ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, शेवटचे दोन बाइट सहीचे. मध्ये उरतात ६४. पार्टिशनची सगळी नोंदवही एवढीच. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणजे चार नोंदी झाल्या की वही संपली. डिस्क २५० जीबीची असो वा हजार जीबीची, या मांडणीत मुख्य पार्टिशनं चारच. ही १९८३च्या पीसी-डॉसपासूनची मांडणी आहे आणि माझ्या नव्याकोऱ्या नेटबुकवरही तीच. कंपनीने चारही ओळी खोक्यात घालायच्या आधीच भरून टाकल्या होत्या: सी, डी, रिकव्हरी आणि तो १६ एमबीचा तुकडा. पाचवी ओळ लिहायला जागाच नाही, म्हणून काल विंडोज डायनॅमिकचा हट्ट धरत होतं आणि आज उबुंटू 'अनयुजेबल' म्हणत होतं. दोघंही एकच गोष्ट सांगत होते, नीट कुणीच सांगत नव्हतं.

कंपनीवर माझा राग आहे तो या ठिकाणी. रिकव्हरी ठेवा, हरकत नाही. पण 'डी' हे नुसतं रिकामं पार्टिशन देण्यासाठी एक मुख्य ओळ कशाला खर्ची घालायची? ते लॉजिकल, म्हणजे या चार ओळींबाहेर नोंदवलेलं, केलं असतं तरी विंडोजला काही फरक पडला नसता आणि माझ्यासारखीची दोन संध्याकाळ वाचली असती. सोबतच्या पुस्तिकेत डिस्कवर काय काय आहे याबद्दल चकार शब्द नाही. वायफायच्या दिव्याचं चित्र मात्र तीन पानांवर आहे.

टर्मिनलमध्ये एफडिस्क या पार्टिशनं दाखवणाऱ्या आज्ञेला 'एल' आणि 'यू' ही अक्षरं देऊन यादी काढली. 'यू' नाही दिलं तर ही आवृत्ती सगळं सेक्टरऐवजी सिलिंडर या जुन्या मापात सांगते, आणि त्यातून माझ्यासारखीला काही बोध होत नाही. यादी वहीत पेन्सिलने उतरवली. पहिलं पार्टिशन: सुरुवात सेक्टर २०४८, प्रकार ०७, म्हणजे एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम, बूटची खूण यावरच. दुसरं: प्रकार ०७, ही 'डी'. तिसरं: प्रकार २७, म्हणजे लपवलेलं विंडोज रिकव्हरी. चौथं: प्रकार ईएफ, १६ एमबी. ईएफ हा खरं तर ईएफआय या बायोसच्या नव्या पिढीच्या पार्टिशनचा क्रमांक, पण या यंत्रात साधं जुनं बायोस आहे. कंपनीने तो तुकडा फास्ट बूटसाठी ठेवलाय. भाचा म्हणाला, तो उडव, एक ओळ मोकळी होईल. उडवून भागलं असतं, पण कंपनीने स्वतःच्या बायोससाठी ठेवलेल्या वस्तूला हात लावायची मला हौस नव्हती.

आकार, सुरुवात आणि प्रकार, या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या की डिस्कची चतुःसीमा कळते. मागच्या वेळी मी फक्त आकार बघितला होता.

आता कापाकापीच्या आधीची तयारी, आणि इथे पुन्हा कंपनीची एक तऱ्हा. विंडोजमध्ये रिकव्हरी डिस्क बनवायचा प्रोग्राम दिलाय. तो उघडला की म्हणतो, रिकामी डीव्हीडी घाला. कुठे घालू? यंत्राला खाचच नाही! पेनड्राइव्हचा पर्याय त्यात नाही. शेवटी क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने रिकव्हरीच्या पार्टिशनची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली. शिवाय दोन छोट्या फायली केल्या. एक, डीडी ही आज्ञा वापरून पहिल्या सेक्टरची ५१२ बाइटांची नक्कल. दुसरी, एसएफडिस्क या आज्ञेला 'डी' अक्षर देऊन काढलेला पार्टिशनचा तक्ता, साध्या मजकुरात. दोन्ही कशाला, तर एमबीआरच्या नकलेत फक्त चार मुख्य ओळी येतात; लॉजिकल पार्टिशनच्या नोंदी डिस्कवर इतरत्र साखळीसारख्या विखुरलेल्या असतात, त्या एसएफडिस्कच्या यादीत सापडतात. आणि एक धोक्याची गोष्ट: पुढे कधी फक्त जुना बूट प्रोग्राम परत आणायचा असेल, तर त्या नकलेतले पहिले ४४६ बाइटच परत लिहायचे. सगळे ५१२ लिहिले तर जुनी पार्टिशन यादीही परत येते आणि मधल्या काळात केलेली नवी पार्टिशनं यादीतून नाहीशी होतात.

या दोन्ही फायली बाहेरच्या डिस्कवर ठेवायच्या हे वेगळं सांगायला नको. पण सांगते, कारण पहिल्यांदा मी त्या लाइव्ह उबुंटूच्या डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या. लाइव्ह उबुंटूचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो, यंत्र बंद केलं की गायब.

विंडोज शेवटचं बंद करताना 'हायबरनेट' नाही, नीट 'शट डाउन' केलं. हायबरनेट केलेलं विंडोज म्हणजे पुस्तकात बोट घालून झोपलेला माणूस. तो झोपेत असताना पानं हलवली तर जागा झाल्यावर त्याला वाटतं सगळं जिथल्या तिथे आहे, आणि तो तसाच लिहायला लागतो. फाइल सिस्टिमची वाट लागते ती अशी.

उपाय शेवटी सोपा निघाला. चार मुख्य ओळींपैकी एक ओळ 'एक्स्टेंडेड' प्रकाराची करता येते. एक्स्टेंडेड म्हणजे नुसती पेटी. तिच्यात हवी तेवढी लॉजिकल पार्टिशनं मांडता येतात. माझी 'डी' रिकामी होती, तेव्हा तीच काढायची आणि तिच्या जागी पेटी करायची. 'सी'ला सुरीसुद्धा लावायची नाही. तुमच्या 'डी'त सामान असेल तर आधी ते बाहेर काढा. भरलेल्या पार्टिशनला मुख्यचं लॉजिकल करून देणारी साधनं आहेत, पण मी माझ्या फायलींवर तो प्रयोग करणार नाही.

जीपार्टेड हे पार्टिशनं आखायचं साधन उघडलं. 'डी'पुढे किल्लीचं चिन्ह होतं आणि डिलीट फिकट झालं होतं. मी मघाशीच ती आतून बघायला उघडली होती ना! 'अनमाउंट' केल्यावर किल्ली गेली. डिलीट केली, तेव्हा कालचे ४० जीबी आणि ही जागा मिळून जवळपास ११८ जीबीची एक सलग करडी पट्टी झाली. त्यात एक्स्टेंडेड, मग पेटीत चार लॉजिकल: ६० जीबी एनटीएफएस, दोन्ही सिस्टिमना सामाईक, २० जीबी ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम), उबुंटूसाठी, २ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा), उरलेलं ईएक्सटी४, घरच्या फायलींसाठी. लिनक्समध्ये लॉजिकलचे क्रमांक पाचपासूनच सुरू होतात, मुख्य ओळी कितीही असोत. त्यामुळे एसडीए५ ते एसडीए८ (एसडीए हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) असं दिसलं की दचकू नये.

६०० पिक्सेल उंचीचा त्रास इथे कळतो. जीपार्टेडची आकार विचारणारी खिडकी बसते, पण इन्स्टॉलरच्या पानाचं खालचं 'फॉरवर्ड' बटण पडद्याच्या खाली गेलं. ऑल्ट दाबून धरायचं आणि खिडकी माउसने कुठूनही पकडून वर ओढायची, मग बटण दिसतं. हे माहीत नसताना मी पाच मिनिटं टॅब दाबत बसले होते आणि फोकस नेमका कुठल्या बटणावर आहे ते दिसत नव्हतं. पार्टिशनच्या पानावर आंधळेपणाने एंटर मारायचा नाही एवढं भान ठेवलं.

जीपार्टेडमधली सगळी कामं आधी खाली यादीत साठतात. 'अप्लाय' म्हणेपर्यंत डिस्कवर काहीही होत नाही. ती यादी मी वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली, चहा करायला गेले, परत येऊन पुन्हा वाचली आणि मग अप्लाय केलं. पाऊण मिनिटात झालं.

इन्स्टॉल करताना 'अलाँगसाइड'च्या वाटेला गेले नाही. 'स्पेसिफाय पार्टिशन्स मॅन्युअली' घेऊन एसडीए६ला रूट (सिस्टिमची जागा), एसडीए८ला होम (घरच्या फायलींची जागा) असं हाताने सांगितलं, आणि 'सी', रिकव्हरी आणि तो चिमुकला तुकडा यांच्यापुढे फॉरमॅटची खूण नाही ना, ते बोट ठेवून पाहिलं. पुढचं काही विशेष नाही. विंडोज पहिल्या खेपेला सुरू झालं, सामाईक पार्टिशनला 'डी' हे अक्षर देऊन टाकलं. दोन्हीकडची घड्याळं एकमेकांशी पटेनात, कारण विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि उबुंटू यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. उबुंटूला एका ओळीत स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भांडण मिटतं.

दोन गोष्टी मात्र बदलल्या. ग्रब, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा उबुंटूचा बूट प्रोग्राम, आल्यावर एफ९ दाबून रिकव्हरी सुरू होईना. ते कळ ओळखण्याचं काम कंपनीचा बूट प्रोग्राम करत होता आणि त्याच्या जागी आता ग्रब बसलाय. म्हणूनच ती ४४६ बाइटांची नक्कल जपून ठेवायची. दुसरं जास्त वाईट. ग्रबच्या यादीत विंडोजखाली आणखी एक विंडोज दिसू लागलं, एसडीए३वरचं. ते म्हणजे रिकव्हरी. ते निवडलं की कंपनीचा प्रोग्राम उघडतो आणि तीन पर्याय देतो: फक्त पहिलं पार्टिशन पूर्ववत करा, सगळी डिस्क एकच पार्टिशन करून पूर्ववत करा, सगळी डिस्क दोन पार्टिशनं करून पूर्ववत करा. तीनपैकी दोन पर्यायांत उबुंटू आणि माझी होम दोन्ही स्वाहा. हे सगळं रोज दिसणाऱ्या यादीत, खऱ्या विंडोजच्या एक ओळ खाली!

यंत्राला मी पाचपैकी चार देईन. डिस्क ज्या पद्धतीने भरून पाठवतात त्याला दीड, आणि तो अर्धा गुण 'डी' रिकामी दिली म्हणून. दोन सिस्टिम टाकायच्या असतील तर जरूर घ्या, पण पहिल्या संध्याकाळी नुसती यादी काढा, कापू नका.

ग्रबमधली ती ओळ मी काढून टाकली. आपोआप सिस्टिम शोधणारी स्क्रिप्ट बंद केली आणि विंडोजची एकच नोंद हाताने लिहिली. वहीतलं पान फाडून, घडी घालून नेटबुकच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय. परवा भाचा आला होता, त्याने ते उघडून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, माझ्या लॅपटॉपवर कुठे बघायचं हे?"